नव्या एसएसडीवर बूटलोडर बसत नाही तेव्हा

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षा चिप) लागतं. आपल्याकडे सेतू केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात, लातूर-नांदेडला ट्यूशनसाठी राहणाऱ्या पोरांच्या खोलीवर जी मशिनं चालतात, त्यांतली बरीचशी या अटीत बसत नाहीत. मग मालक म्हणतो, एसएसडी टाका, लिनक्स मिंट टाका, अजून चार वर्षं ओढू. जुनी हार्डडिस्क निघते, नवी एसएसडी बसते, इन्स्टॉल शेवटापर्यंत नीट जातं आणि मग खिडकी येते: ग्रब-इन्स्टॉल फेल झालं, फेटल एरर. ग्रब म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, मशीन चालू झालं की सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम.

इथे बहुतेक जण पुन्हा फॉरमॅट मारतात आणि पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल करतात. एरर पुन्हा त्याच जागी येते, कारण बिघाड बूटलोडरमध्ये नसतोच. बूटलोडर बसवणं ही शेवटची पायरी आहे, म्हणून आधी झालेली गफलत तिथे उघडी पडते. तीन गोष्टी एकमेकींशी जुळायला हव्यात: पेनड्राइव्ह कोणत्या मोडमध्ये चालू झाला, डिस्कवर कोणत्या प्रकारचं पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कसे पाडलेत त्याची यादी) आहे आणि मदरबोर्डचं फर्मवेअर (त्यात कायम भरलेला प्रोग्रॅम, म्हणजे बायोस किंवा यूईएफआय) बूट करण्यासाठी काय शोधतं. या तिन्ही तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत. फॉरमॅटचा विचार त्यानंतर करा.

खाली कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीप्रमाणे इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

आधी मोड बघा

बूट मेनू उघडला की एकच पेनड्राइव्ह बऱ्याचदा दोन ओळींत दिसतो. एका ओळीत नुसतं कंपनीचं नाव असतं, दुसरीत त्या नावाआधी ‘यूईएफआय’ लिहिलेलं असतं. पहिली ओळ निवडली तर मशीन जुन्या लेगसी बायोसच्या पद्धतीने चालू होतं, दुसरी निवडली तर यूईएफआय या नव्या पद्धतीने. इन्स्टॉलर ज्या मोडमध्ये चालू झाला त्याच मोडचा बूटलोडर तो बसवतो, तुमच्या मनात काय आहे हे त्याला कळत नाही. बूट मेनूसाठी एचपीवर एफ९, डेल आणि लेनोव्होवर एफ१२, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ चा मेनू आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो.

लाइव्ह डेस्कटॉप (पेनड्राइव्हवरूनच चालणारा लिनक्स) आल्यावर टर्मिनल उघडून /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर आहे का ते बघा. असेल तर तुम्ही यूईएफआयमध्ये आहात, नसेल तर लेगसीमध्ये. ‘ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड ऑन धिस सिस्टीम’ अशी एरर येत असेल तर बहुतेक वेळा हेच कारण असतं: पेनड्राइव्ह लेगसीत चालू झाला आणि बसवायचा आहे यूईएफआयचा ग्रब. मशीन बंद करा, बूट मेनूतून यूईएफआयवाली ओळ निवडा.

मग ‘पार्टेड -एल’ चालवा. प्रत्येक डिस्कसमोर पार्टिशन टेबल ‘जीपीटी’ आहे की ‘एमएसडॉस’ ते दिसतं. एमएसडॉस म्हणजेच एमबीआर, ही जुनी पद्धत; जीपीटी ही नवी. यूईएफआय आणि जीपीटी ही जोडी सरळ चालते. लेगसी आणि एमबीआर हीसुद्धा चालते. गोची होते ती लेगसी मोड आणि जीपीटी डिस्क एकत्र आले की.

ती का होते ते नीट समजून घेण्यासारखं आहे. एमबीआर डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट बूट कोडला, ६४ बाइट पार्टिशनच्या चार नोंदींना आणि शेवटचे २ बाइट खुणेला. ४४६ बाइटमध्ये ग्रबसारखा मोठा प्रोग्रॅम मावत नाही. म्हणून ग्रब तिथे फक्त पहिला तुकडा ठेवतो आणि कोअर इमेज नावाचा उरलेला भाग पहिल्या सेक्टरनंतर आणि पहिल्या पार्टिशनच्या आधी असलेल्या रिकाम्या जागेत टाकतो. आजकाल पहिलं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतं, म्हणजे जवळजवळ १ एमबी जागा मिळते. जीपीटी डिस्कवर मात्र त्याच जागेत जीपीटीचं स्वतःचं टेबल बसलेलं असतं. ग्रबला तिथे हात लावता येत नाही. त्याला वेगळं घर लागतं: १ एमबीचं, फॉरमॅट न केलेलं, ‘बायोस_ग्रब’ फ्लॅग लावलेलं पार्टिशन. ते नसलं की ग्रब म्हणतो ‘एम्बेडिंग वोन्ट बी पॉसिबल’ आणि काम सोडून देतो. जीपार्टेडमध्ये (पार्टिशन करायच्या प्रोग्रॅममध्ये) १ एमबीचं अनफॉरमॅटेड पार्टिशन करा, मॅनेज फ्लॅग्जमध्ये जाऊन बायोस_ग्रबवर टिक लावा, ग्रब पुन्हा बसवा.

जुनी हार्डडिस्क जशीच्या तशी क्लोन केली असेल तर आणखी एक एरर भेटते: ‘युअर एम्बेडिंग एरिया इज अनयूज्वली स्मॉल’. फार जुन्या डिस्कवर पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं. म्हणजे ग्रबच्या वाट्याला ६२ सेक्टर, जेमतेम ३१ केबी. नवा ग्रब त्यात मावत नाही. अशा वेळी पार्टिशन सरकवत बसण्यात अर्थ नाही. ६३ पासून सुरू होणारं पार्टिशन एसएसडीच्या ४ केबीच्या हिशोबालाही जुळत नाही आणि लिहिण्याचा वेग खातं. डेटा बाजूला काढा, एसएसडीवर नवं टेबल करा, नव्याने इन्स्टॉल करा.

हार्डवेअरची जोडणी

एम.२ (पट्टीसारखी छोटी) एसएसडी हातात घेऊन तिची सोनेरी पिनांची कड बघा. एकच खाच असेल, आणि एका बाजूला पाच पिनांचा छोटा तुकडा सुटलेला असेल, तर ती एम-की, बहुतेक वेळा एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणारी, वेगवान). दोन खाचा असतील तर बी अधिक एम की, आणि ती बहुधा साटा (हार्डडिस्कचीच जुनी जोडणी). एम-कीच्या स्लॉटमध्ये दोन्ही घुसू शकतात, पण स्लॉट फक्त साटाचा असेल तर एनव्हीएमई एसएसडी दिसणार नाही, आणि उलटही तसंच. विकत घ्यायच्या आधी मशीनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्लॉटचा प्रकार बघून घ्या, नुसत्या ‘बसतं’ या शब्दावर जाऊ नका.

साधारण २०१३ च्या आधीच्या डेस्कटॉपमध्ये पीसीआयई अॅडॉप्टर लावून एनव्हीएमई बसवली तर लिनक्सला ती मस्त दिसते, इन्स्टॉलही होतं, पण बूट होत नाही. त्या बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हरच नसतो. इथे ग्रबशी झगडून उपयोग नाही. बूट पार्टिशन, आणि यूईएफआय असेल तर ईएफआय पार्टिशनही, एखाद्या साटा डिस्कवर किंवा कायम लावून ठेवलेल्या पेनड्राइव्हवर ठेवा आणि रूट (लिनक्सचं मुख्य पार्टिशन) तेवढा एनव्हीएमईवर. गिऱ्हाइकाला खरं तर आधीच सांगावं की अशा बोर्डाला २.५ इंची साटा एसएसडीच बरी.

लॅपटॉपातला डीव्हीडी काढून तिथे कॅडी (डिस्क बसवायची चौकट) लावणं आपल्याकडे सर्रास चालतं. कॅडी घेताना जाडी मोजा, ९.५ मिमी की १२.७ मिमी. आणि एसएसडी कॅडीत कधीच टाकू नका. काही लॅपटॉपचं फर्मवेअर डीव्हीडीच्या जागेवरच्या हार्डडिस्कवरून बूटच करत नाही, शिवाय काहींत तो पोर्ट कमी वेगाचा असतो. एसएसडी मुख्य जागेवर, जुनी हार्डडिस्क कॅडीत.

अकराव्या पिढीच्या आणि पुढच्या इंटेल लॅपटॉपात इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये व्हीएमडी किंवा आरएसटी (डिस्क हाताळायच्या इंटेलच्या खास पद्धती) चालू आहे का बघा. लिनक्ससाठी तो बंद करून एएचसीआय (नेहमीची पद्धत) निवडणं सोपं. पण त्याच मशीनवर विंडोज ठेवायचं असेल तर नुसतं बदलू नका, निळी स्क्रीन येईल. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये चालू व्हायला सांगा, मग बायोसमध्ये बदल करा, एकदा सेफ मोडमध्ये बूट होऊ द्या आणि मग सेफ मोड काढा. आणि बायोसमधलं सेटिंग किंवा सिक्युअर बूट (फक्त सही असलेला बूटलोडर चालू देणारी सोय) बदलायच्या आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की मालकाकडून मागून घ्या. नव्या लॅपटॉपांत डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. की नसेल तर बायोसला हात लावू नका.

जुन्या डेस्कटॉपबद्दल एक वेगळी गोष्ट. लाईट गेली की मशीनची तारीख मागे जात असेल तर सीआर२०३२ सेल संपलेला आहे. सेल मेला की बायोसची सेटिंग मूळ पदावर येतात: यूईएफआयचं लेगसी होतं, एएचसीआयचं आयडीई होतं, आणि काल बूट होणारं मशीन आज ‘नो बूटेबल डिव्हाइस’ म्हणतं. शिवाय तारीख मागची असेल तर पॅकेज उतरवताना ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड यट’ म्हणून अॅप्ट (पॅकेज बसवणारी कमांड) थांबतं आणि ग्रबचं पॅकेज येतच नाही. सेल बदला, वेळ लावा, मग पुढचं. आणि इन्स्टॉल चालू असताना मशीन इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर ठेवा. मध्येच लाईट गेली तर पॅकेजेस अर्धवट राहतात. अशा वेळी आधी ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवल्याशिवाय ग्रब नीट बसणार नाही.

ईएफआय पार्टिशन आणि चुकीची डिस्क

यूईएफआयला बूटलोडर सेक्टरमध्ये लागत नाही. त्याला फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं एक पार्टिशन लागतं, ज्यावर ‘ईएसपी’ हा फ्लॅग आहे. विंडोज ते बहुधा १०० एमबीचं करतं. लिनक्ससाठी नवं करत असाल तर ५१२ एमबी द्या. एक्सटी४ मध्ये केलं तर फर्मवेअर वाचणार नाही, फॅट३२ केलं पण फ्लॅग लावला नाही तर इन्स्टॉलर ओळखणार नाही. ‘कॅनॉट फाइंड ईएफआय डिरेक्टरी’ या एररचा अर्थ एवढाच की ते पार्टिशन /बूट/ईएफआयवर माउंट झालेलं (जोडलेलं) नाही.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार. मशीनमध्ये दोन डिस्क असल्या, समजा कॅडीतली जुनी हार्डडिस्क आणि नवी एसएसडी, तर लिनक्स मिंटच्या २१ आणि २२ मालिकांतला यूबिक्विटी इन्स्टॉलर बूटलोडरसाठी तुम्ही कोणतीही डिस्क निवडा, यूईएफआय मोडमध्ये तो पहिल्या डिस्कवरचं ईएफआय पार्टिशन पकडतो. हा जुना, माहीत असलेला दोष आहे. बूटलोडर चुकीच्या डिस्कवर जाण्याचे प्रकार दोन. पहिला: एसएसडीवर इन्स्टॉल झालं, पण बूटलोडर जुन्या डिस्कवर गेला. आज सगळं चालतं, आणि महिन्याभराने जुनी डिस्क काढली की मशीन बूट होत नाही. दुसरा: मशीनमध्ये फक्त एनव्हीएमई असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हचंच नाव एसडीए असतं. एनव्हीएमईचं नाव एनव्हीएमई०एन१. लेगसी मोडमध्ये ग्रब एसडीएवर टाकला म्हणजे तो पेनड्राइव्हवर गेला.

उपाय कंटाळवाणा वाटेल, पण तोच पक्का: इन्स्टॉल करताना मशीनमध्ये नवी एसएसडी सोडून दुसरी डिस्क ठेवू नका. चार स्क्रू काढा, जुनीची केबल सोडा. ते जमत नसेल तर जीपार्टेडमध्ये जुन्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवरचे ‘बूट’ आणि ‘ईएसपी’ फ्लॅग तात्पुरते काढा, इन्स्टॉल संपलं की परत लावा. त्याआधी ‘एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,एफएसटाइप,मॉडेल’ चालवून प्रत्येक डिस्कचं नाव, आकार आणि फाइल सिस्टीम कागदावर लिहून घ्या. २४० जीबीच्या दोन डिस्क असल्या की नुसत्या आकारावरून ओळख पटत नाही, तेव्हा मॉडेल नंबरही बघा.

‘नवी’ म्हणून आलेल्या एसएसडीवर कधी कधी जुन्या रेडच्या (अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या रचनेच्या) किंवा फाइल सिस्टीमच्या खुणा राहिलेल्या असतात. जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते, म्हणून नुसता सुरुवातीचा भाग पुसून भागत नाही. ‘एसजीडिस्क --झॅप-ऑल’ दोन्ही प्रती पुसतं, ‘वाइपएफएस -ए’ बाकीच्या खुणा काढतं. दोन्हींच्या आधी डिस्कचं नाव पुन्हा एकदा तपासा. इथे चुकलं तर परत फिरता येत नाही.

ग्रब हाताने बसवणं

इन्स्टॉलरने ग्रब बसवताना हार मानली तरी तोपर्यंत सगळी सिस्टीम डिस्कवर आलेली असते. पुन्हा इन्स्टॉल करायची गरज नाही. त्याच लाइव्ह पेनड्राइव्हवरून, योग्य मोडमध्ये चालू करून, सीएचरूट करायचं, म्हणजे डिस्कवरच्या सिस्टीमच्या आत शिरून कमांड चालवायच्या. समजा एनव्हीएमई०एन१पी१ हे ईएफआय पार्टिशन आहे आणि पी२ रूट.

आधी रूट /एमएनटीवर माउंट करा, मग ईएफआय पार्टिशन /एमएनटी/बूट/ईएफआयवर. क्रम उलटा झाला तर रूट माउंट झाल्यावर ईएफआय झाकलं जातं आणि फाइल्स भलतीकडे जातात. त्यानंतर डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ही चारही फोल्डरं ‘माउंट --आरबाइंड’ने /एमएनटीच्या आत जोडा. साधा ‘--बाइंड’ वापरला तर सिसच्या आतलं ईएफआयव्हार्स (फर्मवेअरच्या नोंदींचं फोल्डर) सोबत येत नाही, आणि यूईएफआयमध्ये असूनही ‘ईएफआय व्हेरिएबल्स नॉट सपोर्टेड’ अशी एरर येते. लोक इथे मोडवर संशय घेऊन तासभर घालवतात. आता ‘सीएचरूट /एमएनटी’ आणि मग:

ग्रब-इन्स्टॉल --टार्गेट=एक्स८६_६४-ईएफआय --ईएफआय-डिरेक्टरी=/बूट/ईएफआय --रीचेक
अपडेट-ग्रब

लेगसी असेल तर टार्गेट आय३८६-पीसी आणि शेवटी डिस्कचं नाव, पार्टिशनचं नाही. एसडीए१ नव्हे, एसडीए.

सीएचरूट न करता थेट लाइव्हमधून ग्रब-इन्स्टॉल चालवलं तर ‘फेल्ड टू गेट कॅनॉनिकल पाथ ऑफ /काऊ’ येतं. काऊ म्हणजे लाइव्ह सिस्टीमची मेमरीतली फाइल सिस्टीम, ग्रब तिलाच रूट समजून बसलेला असतो. ‘एक्स८६_६४-ईएफआय/मॉडइन्फो.एसएच डझन्ट एग्झिस्ट’ आलं तर सिस्टीममध्ये लेगसीचं ग्रब-पीसी पॅकेज आहे, यूईएफआयचं नाही. ग्रब-ईएफआय-एएमडी६४ बसवा. सिक्युअर बूट चालू ठेवायचं असेल तर त्याचं साइन्ड पॅकेज आणि शिम-साइन्डही (ग्रबच्या आधी चालणारा, सिक्युअर बूटला मान्य असलेला तुकडा) लागतं. सीएचरूटमध्ये इंटरनेट चालत नसेल तर लाइव्हमधली रिझॉल्व्ह.कॉन्फ आत कॉपी करा. मोबाइलचं यूएसबी टेदरिंग इथे उपयोगी पडतं, कारण लाइव्हमध्ये वायफायचा ड्रायव्हर प्रत्येक वेळी असेलच असं नाही.

--बूटलोडर-आयडी देऊन स्वतःचं नाव ठेवायचा मोह आवरा. उबंटूच्या साइन्ड ग्रबमध्ये त्याचा मार्ग /ईएफआय/उबंटू असा आधीच पक्का भरलेला असतो. नाव ‘माझा-लॅपटॉप’ ठेवलं तर ग्रब चालू होतो, पण उबंटू नावाच्या फोल्डरमध्ये आपली सेटिंग शोधतो, ती सापडत नाहीत आणि काळ्या स्क्रीनवर नुसतं ‘ग्रब>’ दिसतं. लिनक्स मिंटही स्वतःला ‘उबंटू’ याच नावाने नोंदवतं. म्हणून उबंटू आणि मिंट एकाच ईएफआय पार्टिशनवर ठेवले की एकाचा बूटलोडर दुसऱ्याच्या अंगावर बसतो.

त्या फोल्डरमधली ग्रब.सीएफजी उघडून बघा. मोठी वाटेल, पण तीन ओळींची असते. पहिल्या ओळीत रूट पार्टिशनचा यूयूआयडी (पार्टिशनची ओळख सांगणारा आयडी), दुसरीत /बूट/ग्रबचा मार्ग, तिसरीत खरी मोठी सेटिंग फाइल वाचायची आज्ञा. रूट पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केलं की यूयूआयडी बदलतो आणि ही तीन ओळींची फाइल जुन्याच पार्टिशनला शोधत राहते. ‘बीएलकेआयडी’ने मिळालेला नवा यूयूआयडी आणि या ओळीतला जुळतो का बघा. ग्रब-इन्स्टॉल पुन्हा चालवलं की फाइल नव्याने लिहिली जाते.

‘ग्रब>’ आणि ‘ग्रब रेस्क्यू>’ यांत फरक आहे. पहिल्यात ग्रबचे सगळे भाग चालू आहेत, फक्त सेटिंग फाइल मिळाली नाही. दुसऱ्यात ग्रबला स्वतःचे मॉड्यूलच सापडलेले नाहीत. पहिला प्रकार तिथल्या तिथे सुटतो: ‘एलएस’ टाइप करा, पार्टिशनची यादी येईल, एकेकाच्या आत डोकावून बूट फोल्डर कुठे आहे ते शोधा, समजा ते एचडी०,जीपीटी२ मध्ये मिळालं, तर ‘सेट रूट=(एचडी०,जीपीटी२)’ आणि पुढे ‘कॉन्फिगफाइल /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी’. नेहमीचा मेनू येतो. आत गेल्यावर ग्रब कायमचा बसवायला विसरू नका.

मेनू आला, कर्नल (लिनक्सचा गाभा) चालू झाला आणि मग ‘गेव्ह अप वेटिंग फॉर रूट’ म्हणून थांबला, तर ग्रबचं काम झालेलं आहे, त्याला पुन्हा हात लावू नका. एफएसटॅब (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी) तपासा. साटावरून एनव्हीएमईवर क्लोन केलं असेल तर इनिटरॅमएफएसमध्ये (कर्नलसोबत आधी चढणाऱ्या छोट्या सिस्टीममध्ये) एनव्हीएमई मॉड्यूल नसण्याची शक्यता आहे. डेबियन-उबंटूत ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’, फेडोरात रेस्क्यू कर्नलने चालू करून ‘ड्रॅकट --रीजनरेट-ऑल --फोर्स’. चालू होतं पण सुरुवातीला अर्धा मिनिट अडकतं, असं असेल तर जुन्या स्वॅपचा यूयूआयडी ‘रिझ्यूम’च्या फाइलमध्ये राहिलेला असतो.

फर्मवेअरची नोंद

यूईएफआयचं फर्मवेअर डिस्कवर जाऊन बूटलोडर हुडकत नाही. त्याच्याकडे एनव्हीरॅममध्ये (मदरबोर्डवरच्या छोट्या कायम मेमरीत) नोंदी असतात: अमुक डिस्क, अमुक पार्टिशन, अमुक फाइल. डिस्क बदलली तरी वहीत जुन्या घराचाच पत्ता राहतो, म्हणून सगळं नीट बसूनही मशीन ‘नो बूट डिव्हाइस’ म्हणतं. ‘ईएफआयबूटएमजीआर -व्ही’ चालवा. बूट०००१, बूट०००३ अशा ओळी येतील आणि प्रत्येकीत पार्टिशनचा लांबलचक आयडी असेल. तो ‘बीएलकेआयडी’मधल्या पार्टयूयूआयडीशी ताडून बघा. जुळत नसेल ती नोंद मेलेली. ती लहान अक्षरातल्या ‘-बी’ला क्रमांक आणि पुढे मोठ्या अक्षरातला ‘-बी’ देऊन काढता येते. नवी नोंद करताना ‘-सी’, डिस्क, पार्टिशन क्रमांक, नाव आणि फाइलचा मार्ग द्यावा लागतो. सिक्युअर बूट चालू असेल तर मार्गात ग्रबएक्स६४ नाही, शिमएक्स६४ द्या, नाहीतर ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ येईल.

काही लॅपटॉप मात्र ही नोंदच जुमानत नाहीत. रीस्टार्ट केलं की ती गायब होते, किंवा ते फक्त विंडोजचाच मार्ग ओळखतात. अशांसाठी ठरलेला पर्यायी मार्ग आहे: ईएफआय फोल्डरमध्ये बूट, त्यात बूटएक्स६४.ईएफआय. कोणतीही नोंद नसली तरी फर्मवेअर ही फाइल बघतं. ग्रब-इन्स्टॉलला ‘--रिमूव्हेबल’ दिलं की ग्रब तिथे बसतो. डेबियन आणि उबंटूत ‘--फोर्स-एक्स्ट्रा-रिमूव्हेबल’ दिलं तर दोन्ही ठिकाणी बसतो. खेड्यावर जाणाऱ्या, पुन्हा पुन्हा दुकानात न येणाऱ्या मशीनला हे दुसरं कायम द्यावं. बायोस रीसेट झालं, सेल मेला, नोंद उडाली, तरी मोड यूईएफआयच राहिला असेल तर ते मशीन बूट होतं.

‘कुड नॉट प्रिपेअर बूट व्हेरिएबल: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ या एररमुळे लोक एसएसडीत जागा शोधू लागतात. भरलेली असते ती एनव्हीरॅम, एसएसडी नाही. कर्नल कोसळल्याच्या नोंदी तिथे साठतात. /सिस/एफएस/पीस्टोरमधल्या डंप फाइल्स काढा आणि एकदा रीस्टार्ट करा, कारण बरीच फर्मवेअर रीस्टार्टनंतरच जागा मोकळी करतात. ईएफआयव्हार्स फोल्डर मात्र सरसकट पुसू नका. २०१६ मध्ये असं करून लॅपटॉप कायमचे बंद पडल्याची उदाहरणं पुढे आली आणि मग कर्नलमध्ये त्यासाठी संरक्षण घालावं लागलं.

विंडोज असेल तर

गडबड तीच, अवजारं वेगळी. ‘सिलेक्टेड डिस्क हॅज अॅन एमबीआर पार्टिशन टेबल’ म्हणजे पेनड्राइव्ह यूईएफआयमध्ये आणि डिस्क एमबीआर. डिस्क रिकामी असेल तर शिफ्ट-एफ१० दाबून डिस्कपार्ट उघडा, डिस्क निवडा, ‘क्लीन’, मग ‘कन्व्हर्ट जीपीटी’. डेटा असेल तर विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून मिळणारं ‘एमबीआर२जीपीटी’ वापरा, आधी ‘/व्हॅलिडेट’ आणि मगच ‘/कन्व्हर्ट’. क्लोन केल्यावर बूट होत नसेल तर ईएफआय पार्टिशनला एस हे अक्षर द्या आणि ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’ चालवा. ‘बूटरेक /फिक्सबूट’ला ‘अॅक्सेस इज डिनाइड’ येत असेल तर त्याच्या मागे लागू नका, यूईएफआयसाठी बीसीडीबूटच कामाचं. आणि क्लोननंतरचं पहिलं बूट जुनी डिस्क काढूनच करा. दोन्हींचे आयडी सारखे असतात, त्यामुळे सी: नक्की कोणती हे विंडोज गोंधळतं.

एवढं सगळं बरोबर असूनही ईएफआय पार्टिशनवर लिहिताना ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टीम’ किंवा ‘इनपुट/आउटपुट एरर’ येत असेल तर ‘डीएमेसेज’ बघा. फॅटमध्ये गडबड असेल तर पार्टिशन अनमाउंट करून ‘एफएससीके.व्हीफॅट -ए’ने सुटते. साटा एसएसडीवर ‘स्मार्टसीटीएल -ए’मधला १९९ क्रमांकाचा सीआरसी आकडा वाढत चालला असेल तर एसएसडी ठीक आहे, केबल किंवा कॅडीचा कनेक्टर खराब आहे. तो बदला आणि आकडा थांबतो का बघा, तो मागे येत नाही. एनव्हीएमईवर मीडिया एरर शून्यापेक्षा जास्त आणि क्रिटिकल वॉर्निंग दिसत असेल तर ती परत करा. अनोळखी ब्रँडची, किमतीच्या मानाने फार मोठी एसएसडी असेल तर डेटा टाकायच्या आधी ‘एफ३प्रोब’ चालवून खरी क्षमता बघा. खोट्या क्षमतेच्या डिस्कवर सुरुवातीचं ईएफआय पार्टिशन व्यवस्थित चालतं, बूटही होतं, आणि डिस्क खऱ्या क्षमतेच्या पुढे भरू लागली की फाइल्स नासतात. बिल आणि खोका तोपर्यंत जपून ठेवायला मालकाला सांगा.